पेट्रोल धुणारे काका

पेट्रोल भरून झालं की टाकीचं झाकण लावण्याआधी मी अजूनही जरा वाकते आणि वास घेते. पंपावरचा माणूस दर वेळी माझ्याकडे बघतो. मला त्या वासातलं काही कळत नाही, कधीच कळलं नव्हतं. पण ज्यांच्याकडे मी भाड्याने राहिले ते काका रोज संध्याकाळी माझ्या स्कूटरच्या टाकीत नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "वीस टक्के दारू आहे ह्यात. तुझी गाडी प्यायलेली आहे." आता मी कळव्याला राहते. इथे माझ्या गाडीला कोणी हुंगत नाही, म्हणून मीच हुंगते.

काकांचं घर ठाकुर्लीला, पूर्वेकडे, एका जुन्या दुमजली इमारतीत. तळमजल्यावर ते आणि काकू, आणि वरची त्यांच्याच मालकीची एक खोली भाड्याला. ती बघायला गेले तेव्हा मी ठाण्याला एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला होते. एकट्या मुलीला जागा देताना घरमालक काय काय विचारतात ते एव्हाना मला तोंडपाठ झालं होतं. काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "गाडी आहे?"

"स्कूटर आहे."

"टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "निळी आहे."

आमचे डॉक्टर आयुष्यात ब्रश न केलेल्या पेशंटकडे जसे बघतात तसं काकांनी माझ्याकडे बघितलं. मागे उभ्या असलेल्या काकूंनी मला हातानेच खूण केली, की थांब, मी बघते. भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ हे सगळं मग काकूंनीच ठरवलं. त्या घरातलं बहुतेक सगळं काकूच ठरवायच्या आणि काका त्याच्यामागचं शास्त्र सांगायचे.

काका मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्यातली लॅब काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात टेस्टर, आणि कार्बोरेटरचं बारीक भोक साफ करायची एक तार. बोलायला विषय एकच. तुम्ही राजकारण काढा, क्रिकेट काढा, कुणाच्या मुलीचं लग्न काढा, काकांची गाडी फिरून पंपावरच यायची.

त्यांचं म्हणणं असं, की पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायला लागले आणि छोट्या इंजिनांचे हाल सुरू झाले. ते अल्कोहोल म्हणायचेच नाहीत, दारू म्हणायचे. दारू हवेतलं पाणी ओढते, रबर फुगवते, कार्बोरेटर आतून खाते. नव्या गाड्या त्याच हिशोबाने बनवलेल्या असतात, त्यांचं चालून जातं. "नव्या सुनेला बाहेरचं खाल्लेलं पचतं," काका सांगायचे, "सासूबाईंना कसं पचेल?" सासूबाई म्हणजे त्यांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. लग्नाआधी नंबर लावलेला, लग्नानंतर हातात आलेली. चालू करण्याआधी तिला एका अंगावर वाकवावं लागायचं, मग पेट्रोल खाली उतरायचं, मग किक. मी वरच्या खिडकीतून बघायचे. सकाळी सकाळी काका स्कूटरला कुशीवर वळवून गोंजारताहेत असंच वाटायचं.

तर ह्या सासूबाईंसाठी काका पेट्रोल धुवायचे. हे खोटं वाटेल, पण खरोखर धुवायचे. कारखान्याच्या भंगारातून आणलेलं, खाली तोटी असलेलं एक काचेचं भांडं त्यांच्याकडे होतं. रविवारी सकाळी मागच्या अंगणात बसायचं, त्यात पंपाचं पेट्रोल ओतायचं, वर थोडं पाणी घालायचं, बूच लावून हलवायचं आणि शांत ठेवून द्यायचं. थोड्या वेळात पाणी खाली बसायचं आणि पेट्रोलमधली दारू त्या पाण्यात उतरलेली असायची. मग तोटी उघडून खालचं पाणी सोडून द्यायचं. "बघ," काका म्हणायचे, "पाणी दिसल्याबरोबर पेट्रोलला सोडून गेली. असल्यांच्या भरवशावर इंजिन चालवायचं?" ते सोडलेलं पाणी ते भिंतीकडेला ओतायचे. तिथे काकूंची सदाफुली होती. सदाफुली कुठेही जगते, गटाराच्या कडेलासुद्धा, ती तिथे मेली.

काकांकडे आणखी दोन इंजिनं होती. एक माझ्या मुठीएवढं, खेळण्यातल्या विमानाचं, एका लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेलं. मी विचारलं, "विमान कुठे आहे?" काका म्हणाले, "विमान कशाला हवंय?" ते इंजिन पेट्रोल पीतच नसे. त्याला मेथॅनॉल आणि एरंडेल तेल असा रेसवाल्यांचा खुराक लागायचा. काकू म्हणायच्या, "लहानपणी आम्हाला एरंडेल पाजलं की आम्हीपण असेच सुसाट सुटायचो." ते फक्त दसऱ्याला चालवायचं. दसऱ्याला तिन्ही इंजिनांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि मग एकेकाला ज्याच्या त्याच्या पथ्याचं इंधन पाजून चालू करायचं. मुठीएवढ्या इंजिनाच्या आवाजाने वरच्या मजल्यावरची बाळं उठायची आणि इमारत काकांच्या नावाने शंख करायची. काका मात्र त्या धुरात हात जोडून उभे असायचे.

"प्रत्येक इंजिनाची प्रकृती वेगळी," ते सांगायचे. "एकाचं औषध दुसऱ्याला पाजलंस की मेलं."

पहिल्या मजल्यावरच्या एका कॉलेजातल्या मुलाकडे मोठ्या आवाजाची बाईक होती. त्याने एकदा कुठून तरी रेसचं पेट्रोल आणलं आणि कौतुकाने काकांना दाखवायला आला. काकांनी त्याला अंगणातल्या स्टुलावर बसवलं.

"हे का टाकतोयस?"

"पॉवर येते ना काका. ऑक्टेन हाय आहे."

"ऑक्टेन म्हणजे ताकद नाही रे. ऑक्टेन म्हणजे दम. ठिणगी पडेपर्यंत न पेटायचा दम. तुझ्या इंजिनाला एवढ्या दमाची गरजच नाही. त्याला साधं दे."

"पण रेसवाले टाकतात ना."

"रेसवाले रेस झाली की इंजिन उघडून पुसून ठेवतात. तू ठेवणार आहेस? तुला उद्या लेक्चर आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "आणि तुमचं ऑक्टेन किती हो? पानात आमटी पडायच्या आत पेटता."

मुलगा हसला, मी हसले. काका हसले नाहीत. पण त्या मुलाने ते पेट्रोल बाईकमध्ये घातलं नाही एवढं खरं.

तिसरं इंजिन म्हणजे जनरेटर. लाल रंगाचा, हाताने उचलता येईल एवढा, मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवलेला. लाईट गेली की दोरी ओढायची, खिडकीतून वायर आत, घरातले दोन पंखे आणि एक ट्यूब चालू. ठाकुर्लीत लाईट जाणं काकांना वैयक्तिक अपमानासारखं लागायचं. इथे एके काळी रेल्वेचं वीजघर होतं. "ज्या गावाने गाड्या पळवल्या," काका म्हणायचे, "त्या गावात फॅन बंद?"

जनरेटरला ते धुतलेलं पेट्रोल घालत नसत. त्याच्यासाठी खास वस्तू होती. विमानाचं पेट्रोल. त्यांच्या कारखान्यातल्या एका मित्राचा जावई लांब कुठल्याशा फ्लाइंग क्लबात होता. ते कसं आलं हे मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. पत्र्याचा एक डबा भरून आलं होतं, फिकट निळ्या रंगाचं. पाहुणे आले की काका झाकण उघडून तो रंग दाखवायचे. कोणी म्हणालं, की विमानात तर रॉकेल असतं ना, तर त्याची धडगत नसे. "मोठी विमानं रॉकेलच्याच भावंडावर उडतात. हे छोट्या विमानांचं, पुढे पंखा असलेल्या. ह्यात दारूचा थेंब नाही. कितीही वर्षं ठेवा, नासत नाही. वर आकाशात इंजिन बंद पडून चालत नाही, म्हणून ह्याच्यात लबाडी नसते."

ते फक्त वेळप्रसंगाला वापरायचं. आपल्याकडे चांगल्या वस्तूची हीच गत आहे. बोन-चायनाचे कप काचेच्या कपाटात, भारी साड्या मलमलीत गुंडाळलेल्या, आणि विमानाचं पेट्रोल पोटमाळ्याखालच्या फडताळात.

पण एक मात्र कबूल करायला हवं. लाईट गेली आणि काकांनी दोरी ओढली, की जनरेटर एका झटक्यात चालू व्हायचा. समोरच्या बंगल्यातला दणकट जनरेटर खोकत असायचा आणि काकांचा गुणगुणायला लागलेला असायचा. काका अंगणात कान देऊन उभे राहायचे. "ऐक," मला म्हणायचे. "ह्याला म्हणतात पेट्रोल."

मी तिथे राहायला लागून थोडे महिने झाले असतील. एके दिवशी काका कल्याणला गेलेले असताना काकू जिना चढून वर आल्या. हातात पदराखाली झाकलेला स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा.

"अगं, उद्या पेट्रोल भरायला जाशील ना? ह्यात पण थोडं आण. पंपावर बाटलीत देत नाहीत, पण गाडी बंद पडलीये म्हटलंस की ह्यात देतात. तुझ्या आधीची होती ना भाडेकरू, तीच आणायची."

"काकांना सांगून मागवा ना. ते आणतातच की."

काकू माझ्या पलंगावर बसल्या आणि दम खाऊन सगळं सांगून टाकलं. आसपासच्या बायकांमध्ये काकूंचं एक नाव होतं. साडीवर तेलाचा डाग पडला, शालूवर लग्नात आमटी सांडली, की काकूंकडे द्यायची. काकू कापसाचा बोळा फिरवायच्या आणि डाग जायचा. पेट्रोलने डाग जातात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण काकूंनी साडी परत दिली की तिच्यावर डागाची कडसुद्धा दिसायची नाही. त्याचं कारण फडताळातला तो निळ्या पेट्रोलचा डबा होता. त्या त्यातलं थोडं घ्यायच्या आणि तेवढंच पंपाचं पेट्रोल परत ओतून ठेवायच्या. आधी थोडं, मग आणखी थोडं.

"मग आता त्यात विमानाचं किती उरलंय?" मी विचारलं.

"काय उरणार? निळा रंग तर कधीच गेला. हे म्हणतात, रंग उडतो, शक्ती उडत नाही."

"पण काका तर वास घेतात. त्यांना कळलं नाही?"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं, कारखान्यात त्यांचं नाक कधीच गेलं. भात करपला तरी कळत नाही. तुझ्या टाकीत नाक घालून काय सांगतात, तेच सांगतात ना रोज?"

तेच सांगायचे. मी घरात एकटी बसून तो सगळा प्रकार आठवला आणि मलाही हसू आवरेना. जो माणूस रविवारी पंपाच्या पेट्रोलची परीक्षा घेत होता त्याने त्या डब्याची परीक्षा कधीच घेतली नव्हती. देवाच्या तांब्यातलं पाणी कोणी गाळून पीत नाही, तसं. आणि गंमत अशी, की जनरेटर एका झटक्यात चालू व्हायचा तो त्यामुळेच. त्यातलं पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नव्हता. डाग पडत होते, काकू वापरत होत्या, मी ताजं आणत होते. पंपाचं साधं पेट्रोल ताजं असलं की त्या जनरेटरला काही एक तक्रार नव्हती. काकू म्हणायच्या, "पेट्रोल म्हणजे लोणचं आहे का मुरत ठेवायला?"

मी विचारलं होतं, "मग काकांना सांगत का नाही?"

काकूंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "कारखान्यात त्यांचं कोणी ऐकलं नाही. मुलगा पुण्याहून फोन करतो, तो आपलं सांगतो आणि ठेवतो. आयुष्यात एवढी एक गोष्ट त्यांच्या मनासारखी बरोबर निघालीये. राहू दे की."

मला त्या वेळी काकूंचं खूप कौतुक वाटलं. काकांचा थोडा हेवाही वाटला.

तो ठसका हसण्याचा नव्हता हे नंतर कळलं. काकूंना जिना चढवेना, मग अंगणात जाववेना. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत असं डॉक्टर म्हणाले. मे महिन्याच्या शेवटी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं ते ऑक्सिजनचं मशीन बरोबर घेऊनच. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात देणारं मशीन, दिवसरात्र चालू ठेवायचं. काका त्याच्याभोवती फिरून आले आणि मला म्हणाले, "म्हणजे हे हवा धुतं." बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा तजेला दिसला.

पण मशीन विजेवर चालणारं. लाईट गेली तर हाताशी एक लहान सिलेंडर होता, तो फार वेळ पुरणारा नव्हता. मुलगा फोनवर म्हणाला, इन्व्हर्टर घ्या. काका म्हणाले, "बॅटरी मरायच्या आधी सांगत नाही. माझ्याकडे विमानाचं पेट्रोल आहे." त्यांचा वेळप्रसंग आला होता.

मशीन बसवायला आलेल्या माणसाने घरभर पाहून सांगितलं, की आत पेट्रोल अजिबात ठेवायचं नाही. बरोबरच होतं. काकांनी त्याच संध्याकाळी अंगणाच्या टोकाला एक लोखंडी पेटी आणून ठेवली, डबा तिच्यात, पेटीला कुलूप आणि किल्ली पायजम्याच्या नाडीला. पोरंटोरं हात लावतील म्हणून. जनरेटरची टाकीही त्यांनी त्याच डब्यातून काठोकाठ भरून ठेवली.

जूनमध्ये एकदोनदा लाईट गेली. जनरेटर एका झटक्यात चालू झाला, काकांनी आत येऊन काकूंकडे नुसतं बघितलं. काकूंनी मान डोलावली. पण मला माहीत होतं, काकूंनाही माहीत होतं, की ते पेट्रोल मी मे महिन्यात आणलेलं आहे. त्यानंतर पाऊस लागला. ओल, उकाडा, लोखंडी पेटी तापायची आणि भिजायची. आणि नेमकं त्या वर्षी लाईट जाईनाशी झाली.

श्रावण गेला, गणपती गेले. मी कामावरून आले की काकू मला जवळ बोलवायच्या आणि हळूच विचारायच्या, "किल्ली मिळाली का गं?" काय मिळणार, ती नाडीला. मी एकदा काकांना म्हटलं, "काका, जनरेटर एकदा चालवून बघा ना, बरेच दिवस बंद आहे." काका म्हणाले, "उगाच कशाला जाळायचं? ते नासत नाही." मी काकूंना म्हटलं, "आता सांगाच. तुमच्या श्वासाचा प्रश्न आहे." काकू म्हणाल्या, "दसऱ्याला चालवतीलच ना. नाही चालू झालं तर कळेल त्यांचं त्यांना. मला सांगावं लागणार नाही." मला राग आला. स्वतःच्या नाकात नळी असताना माणूस नवऱ्याचा मान कसा काय सांभाळू शकतो, मला कळत नव्हतं.

दसऱ्याला काकांनी इंजिनांना माळा घातल्या, हळदकुंकू लावलं आणि चालवलं एकही नाही. "तिला आवाज सोसायचा नाही," मला म्हणाले. "आज झोप लागलीये जरा." मी खिडकीतून आत पाहिलं. काकू झोपल्या नव्हत्या, छताकडे बघत होत्या.

त्यानंतरचा तो रविवार. मी आंघोळ करून केस पुसत होते आणि पंखा थांबला. रस्त्यावर केबलसाठी खोदकाम चाललं होतं, कोणीतरी विजेची वायर तोडली होती. म्हणजे लवकर येणार नाही. खाली मशीनचा लाईट गेल्याचा अलार्म किंचाळायला लागला. मी धावत गेले तर काकांनी काकूंना सिलेंडरची नळी लावली होती आणि ते शांतपणे अंगणाकडे निघाले होते. इतकी वर्षं ह्याच दिवसासाठी तयारी केलेल्या माणसासारखे.

दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. चोक मागे-पुढे केला, प्लग काढला, पुसला, बसवला. जनरेटर नुसता फुसफुसायचा. काकांच्या तळव्याची साल निघाली, शर्ट पाठीला चिकटला. मी म्हटलं, "काका, पेट्रोल बदलून बघू या का?"

"पेट्रोलचा प्रश्नच नाही," काका म्हणाले. "कार्बोरेटर आहे. उघडतो." आणि त्यांनी जमिनीवर फडकं अंथरून पाने मांडायला सुरुवात केली.

कार्बोरेटर उघडून, साफ करून, लावायला त्यांना किती वेळ लागतो ते मी रविवारी-रविवारी पाहिलेलं होतं. तेवढा वेळ सिलेंडरमध्ये नव्हता. मी आत पळाले. काकूंनी दोरीचा प्रत्येक आवाज ऐकला होता.

"त्यांना बोलाव," त्या म्हणाल्या.

"मी सांगते त्यांना."

"तू नको. मी."

काका आले ते हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच. "अगं, जरा थांब, झालंच," म्हणत होते. काकूंनी नाकाची नळी जरा बाजूला केली. मी ती परत लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"त्यात विमानाचं नाहीये," त्या म्हणाल्या. एकेक शब्द वेगळा येत होता. "पंपाचं आहे. साधं. मे महिन्यातलं. साड्यांना... मी वापरलं. ते ओतून टाका. हिच्या गाडीतलं घ्या."

 मला वाटलं काकांना समजलंच नाही. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिडकीत ठेवला, नळी उचलून काकूंच्या नाकात नीट बसवली आणि बाहेर गेले. जनरेटरची टाकी उपडी केली तर बाहेर आलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाणी वेगळं झालेलं उन्हात स्पष्ट दिसत होतं. काकांनी ते पाहिलं. अख्खी हयात त्यांनी लोकांना तेच सांगितलं होतं. मग माझ्या स्कूटरच्या टाकीत रबरी नळी सोडून त्यांनी तोंडाने ओढलं. तोंडात गुळणीभर आलं, ते थुंकलं, नळीचं टोक एका रिकाम्या डब्यात धरलं. ज्या पेट्रोलला ते रोज दारू म्हणत होते ते जनरेटरच्या टाकीत गेलं. दोरी दोनदा ओढावी लागली.

लाईट संध्याकाळी आली. काकांनी जनरेटर बंद केला, मशीनची वायर भिंतीत लावली आणि काकूंच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. मी ओट्याशी चहा टाकत होते. निघून जावं असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"आठवत नाही. तुमचं निळं तर पहिल्या वर्षीच संपलं असेल."

"आणि दर वेळी चालू व्हायचं ते?"

"ताजं असायचं. ही आणून द्यायची."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चहात साखर घालत राहिले. मला वाटलं ते आता चिडतील, ऑक्टेन शून्यच होतं त्यांचं. ते सालपट निघालेला तळवा उघडून त्याच्याकडे बघत बसले. चिडले असते तर बरं झालं असतं इतका तो चेहरा वाईट दिसत होता. मग त्यांनी मान वर केली आणि लॅबमधला आकडा पुन्हा तपासून सांगावा तसं सावकाश म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं जनरेटर तू चालवत होतीस."

काकूंनी डोळे मिटले. "हो," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही चालवा. मला उठवत नाही."

मशीन बुडबुडत होतं. 

"ही पेट्रोल आणायची तो डबा कुठे असतो?" काकांनी विचारलं.

"डाळीच्या मागे."

काका उठले, फडताळातल्या डाळीमागचा स्टीलचा डबा काढला आणि चहा न घेताच पंपावर गेले.